दिल्लीचे संत चरणदास आणि नादिरशहाचे भविष्य

कबीर, तुलसीदास, मीराबाई ही नावे महाराष्ट्रात लहानथोरांच्या तोंडी आहेत. दिल्लीच्या संत चरणदासांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. सहजोबाईंची पदे ज्यांच्या कानांवर पडली आहेत, त्यांना तिचे गुरू म्हणून ते ठाऊक असतात, इतकेच. दिल्लीची घडी विसकटत असताना तिथेच राहून ज्यांनी साधनेचा दिवा तेवत ठेवला, त्यांत हे सत्पुरुष अग्रभागी आहेत.

विक्रम संवत १७६०, म्हणजे इ.स. १७०३ मध्ये, भाद्रपद शुद्ध तृतीयेला अलवरजवळच्या डेहरा गावी त्यांचा जन्म झाला. वडील मुरलीधर, आई कुंजोदेवी. घरात ठेवलेले नाव रणजित. वडील विरक्त वृत्तीचे होते. एके दिवशी ते रानात गेले ते परतलेच नाहीत. लहानग्या रणजितला घेऊन आई दिल्लीला आपल्या माहेरी आली आणि पुढचे सारे आयुष्य याच शहरात गेले.

एकोणिसाव्या वर्षी गंगाकाठच्या शुक्रतालला त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा देणारे साक्षात व्यासपुत्र शुकदेवच होते, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. म्हणूनच या परंपरेला शुकसंप्रदाय असेही म्हणतात. (अलवर, दिल्ली आणि शुक्रतालचा मुझफ्फरनगर जिल्हा, तिन्ही आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात.) या स्थानाचे महत्त्व जरा थांबून पाहावे. परीक्षित राजाला सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरण येणार हे आधी कळले होते आणि ते सात दिवस त्याने इथेच भागवत ऐकण्यात घालवले, असे मानतात. कळलेल्या भविष्याचे माणसाने काय करावे, हा प्रश्न चरणदासांच्या दीक्षाभूमीलाच चिकटलेला आहे.

दिल्लीला परतल्यावर त्यांनी अनेक वर्षे योगसाधना केली. त्या काळी गादीवर मुहम्मदशहा होता. लोक त्याला रंगीला म्हणत. मैफली, चित्रे, नाचगाणी यांना बहर आला होता. कारभार मात्र उमरावांच्या भांडणात सापडला होता. सुभे एकामागून एक सुटत होते. १७३७ मध्ये पहिले बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले, तरी दरबाराला जाग आली नाही.

संप्रदायातील चरित्रग्रंथ सांगतात की नादिरशहा येण्याच्या सहा महिने आधी चरणदासांनी येऊ घातलेल्या संकटाचे सारे भाकीत लिहून ठेवले आणि ते बादशहापर्यंत पोचलेही. पुढे नादिरशहाच्या कानांवर ही गोष्ट गेली. त्याने त्यांना पकडून आणवले, बेड्या घालून कोठडीत टाकले. पण ते कुलूप न उघडताच दिसेनासे झाले आणि रात्री शहाच्या शयनगृहात प्रकटले. शेवटी शहाने त्यांचे पाय धरले.

हे चरित्र शिष्यांनी भक्तिभावाने लिहिलेले आहे आणि अशा ग्रंथांत चमत्कार येतातच. त्यावर वाद घालण्यात साधकाने वेळ दवडू नये. इतिहासाने जे नोंदवले आहे ते मात्र कठोर आहे. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नालला मोगल सैन्य हरले. मार्चमध्ये नादिरशहा मेल्याची अफवा उठली, जमावाने काही इराणी सैनिक मारले आणि सूड म्हणून चांदनी चौकातल्या सोनेरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसे गेली. मयूरासन आणि कोहिनूर घेऊन तो परतला.

म्हणजे ही कथा जशी सांगतात तशीच घेतली, तरी भाकितामुळे एकाही माणसाचा जीव वाचला नाही. बादशहाने कागद वाचला आणि मैफल चालूच राहिली. हल्ली मोबाइलवर कलियुगाच्या अंताची, देशावर येणाऱ्या अरिष्टांची भाकिते फिरत असतात. अमुक सालानंतर जग बुडणार म्हणे. आपल्यापैकी काही जण ती भक्तीने पुढे पाठवतात. भीतीला भक्ती समजण्याची ही खोड जुनीच आहे.

चरणदासांच्या स्वतःच्या रचना पाहिल्या तर त्यांचा कल निराळाच दिसतो. ‘नासिकेत लीला’ या रचनेसाठी त्यांनी जुने आख्यान निवडले. पित्याच्या शापाने नासिकेत यमपुरीत जातो, तिथे कोणत्या कर्माचे काय फळ मिळते ते पाहतो आणि परत येऊन ऋषींना सांगतो. आख्यान भयंकर खरे, पण त्यात कुठल्या राज्याच्या पतनाची तारीख नाही. ज्याचे कर्म त्याच्याच पदरात. ‘ज्ञानस्वरोदया’त तर त्यांनी भविष्य जाणण्याची विद्याच शिकवली आहे. डावा-उजवा श्वास ओळखून शुभाशुभ कसे समजावे, मृत्यू जवळ आल्याची खूण कशी ओळखावी, हे त्यात येते. पण ते कळण्यासाठी साधकाला दुसऱ्याच्या घरात डोकवावे लागत नाही, आपल्याच नाकाशी लक्ष ठेवावे लागते.

अनुयायांना त्यांनी दहा गोष्टी वर्ज्य सांगितल्या. खोटे बोलणे, निंदा, कठोर भाषण, वायफळ वाद. चोरी, परस्त्रीगमन, जीवहिंसा. वाईट चिंतन, द्वेष आणि अहंकार. दहापैकी चार जिभेच्या! अफवेने कत्तल पाहिलेल्या शहरात या पथ्याला किती अर्थ असेल, याची कल्पना करावी.

पुढेही दिल्लीला उसंत मिळाली नाही. १७५७ मध्ये अब्दालीने शहर लुटले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ आले. सैन्याच्या पगारासाठी त्यांनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवले. आपण मराठी माणसांनी हेही विसरू नये. मग पानिपत झाले. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या पाठबळावर शाहआलम परत आला. या सगळ्यात चरणदास दिल्लीतच होते. बावन्न प्रमुख शिष्यांकरवी त्यांचा पंथ उत्तरेत पसरला. मुक्ताबाई-जनाबाईंची परंपरा जपणाऱ्या आपल्याला विशेष वाटावे ते हे, की त्यांच्या शिष्यांत सहजोबाई आणि दयाबाई या दोघी अधिकारी कवयित्री होत्या. १७८२ मध्ये त्यांनी दिल्लीतच देह ठेवला.

सहजोबाईंनी आपला ‘सहजप्रकाश’ हा ग्रंथ संवत १८०० मध्ये रचला, म्हणजे कत्तलीला जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. ग्रंथात त्या आपला ठावठिकाणा देतात. दिल्लीतली परीक्षितपुरा ही वस्ती, असा तो पत्ता आहे. आणि त्या दिल्लीला त्यांनी विशेषण लावले आहे ते सुंदर, मनाला भावणारे शहर या अर्थाचे.