इब्राहिम आदिलशहाचा सुगंध आणि आपली त्वचा

आदर्श गाव हिवरे बाजार ज्या नगर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नगरचा भुईकोट किल्ला आहे. 1595-96 मध्ये मुघल फौजेविरुद्ध तो लढवणारी चाँदबिबी आपल्या घराघरात माहीत आहे. तिनेच विजापुरात वाढवलेल्या मुलाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. तो म्हणजे दुसरा इब्राहिम आदिलशहा.

1580 मध्ये अली आदिलशहाची हत्या झाली आणि त्याचा हा पुतण्या गादीवर आला. वय जेमतेम नऊ. चाँदबिबीने त्याला सांभाळलं, त्याच्या वतीने कारभारही पाहिला. मोठेपणी इब्राहिमने संगीताचा ध्यास घेतला, दखनीत ‘किताब-ए-नौरस’ रचली, 1599 मध्ये नौरसपूर वसवायला घेतलं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

सुगंधाचाही त्याला शौक होता. त्याच्या दरबारात निजामुद्दीन महमूद यांनी ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा ग्रंथ लिहिला. महाल, कपडे आणि अंग सुवासिक कसं करावं, याच्या कृती त्यात आहेत. 1627 मध्ये इब्राहिमचं निधन झालं. विजापूरचा इब्राहिम रोजा ही त्याची कबर.

त्या ग्रंथात कशात काय घालायचं ते लिहिलेलं होतं. आज आपण क्रीमची डबी उलटी करून पाहतो, तर ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो. त्यामागे कित्येक घटक असू शकतात. खरं तर त्वचेला सुगंधाची गरजच नसते. तो आपल्या नाकासाठी आणि कच्च्या मालाचा वास झाकण्यासाठी असतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण काहींना खाज सुटते, पुरळ येतं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. लिंबूवर्गीय आणि लॅव्हेंडरच्या तेलातले लिमोनीन, लिनालूल हे घटक हवा लागून बदलतात आणि ॲलर्जी करू शकतात. बर्गामोटचं तेल लावून उन्हात गेलं, तर काळे डाग पडू शकतात.

म्हणून अत्तराचा शौक जरूर करावा, पण जुम्याला, ईदला ते कपड्यांना लावलेलं बरं. तान्ह्या बाळाच्या अंगाला तर नकोच. नवी क्रीम आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघावी. ज्यांना त्रास होतो त्यांनी ‘सुगंधविरहित’ क्रीम घ्यावी. नुसता वास येत नाही म्हणून भरवसा ठेवू नये, कारण वास झाकायलाही सुगंधच घालतात. पुरळ हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमका घटक शोधून देतात.