मधला खांब हटविणारे लान्चा

इटलीतील फोबेल्लो या डोंगराळ गावी १८८१ मध्ये जन्मलेले व्हिन्चेन्झो लान्चा तुरिनमध्ये चेइरानो यांच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. मन मात्र यंत्रांतच रमले. फियाटसाठी शर्यती गाजविल्यावर १९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिन यांच्यासह त्यांनी स्वत:ची कंपनी काढली. १९२२ च्या ‘लॅम्ब्डा’त त्यांनी वेगळी चासी वगळून सांगाडा व बॉडी एकजीव केली.

‘अप्रिलिया’ ही त्यांची छोटेखानी, पण उंची मोटार त्याही पुढची. पुढची व मागची दारे विरुद्ध दिशांना उघडत आणि मध्ये खांबच नसे. दारे वर छताला, खाली तळाला अडकत. एवढे धाडस पेलले ते एकसंध बॉडीच्या ताकदीवर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. मागचे ब्रेकही चाकांत नव्हे, डिफरन्शियललगत बसविलेले. त्यामुळे चाकांवरचा भार हलका झाला. अरुंद कोनात मांडलेल्या चार सिलिंडरांचे इंजिन आरंभी अवघे १३५२ सीसीचे होते.

ही मोटार ग्राहकांच्या हाती पडण्याच्या सुमारास, १५ फेब्रुवारी १९३७ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने लान्चा यांचे ५५व्या वर्षी निधन झाले. कारखान्याची धुरा पत्नी आदेले यांनी सांभाळली. अप्रिलियाचे उत्पादन १९४९ पर्यंत चालू राहिले.