कवटी न उघडता मेंदू दाखवणारा शेतकरीपुत्र

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे चरित्र सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात झाला. वडील शेतकरी, पाच भावंडांत हे सर्वांत धाकटे. शेतावरच्या यंत्रांतच त्यांचे मन रमे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात ते रडारचे तंत्र शिकले. पुढे फॅरडे हाउसची पदविका घेऊन १९५१ मध्ये ई. एम. आय. कंपनीत लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

त्या काळी मेंदूतील रक्तस्राव ओळखणे महाकठीण. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसे, आतले रक्त दिसत नसे. मानेच्या धमनीत औषध टोचून किंवा मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून अंदाज बांधावा लागे. रोग्याचे फार हाल होत. १९६७ मध्ये हाउन्सफील्डना सुचले की, अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून त्यांची मोजमापे संगणकाला दिली, तर आतला काप चित्रात उभा राहील. प्रयोगशाळेतील पहिल्या मोजणीला नऊ दिवस लागले! १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्या साहाय्याने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले.

गेल्या वर्षी माझ्या आजोबांची उजवी बाजू एकाएकी लुळी पडली. हिंगणघाटहून गाडी करून आम्ही त्यांना वर्ध्याकडे नेले. बैलजोडी विकू, पण महागडे एम. आर. आय. करा, असा काकांचा आग्रह. डॉक्टरांनी मात्र आधी सी. टी. स्कॅन सांगितले. ते काही मिनिटांत होते आणि ताजे रक्त त्यात पांढरे दिसते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध देता येते; रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतते. म्हणून हा निवाडा आधी हवा. जुना किंवा बारीक रक्तस्राव शोधण्यात एम. आर. आय. सरस, पण त्याला वेळ लागतो. आजोबांना रक्तस्रावच निघाला. आज ते काठी टेकत वावरात जातात.

हाउन्सफील्ड १२ ऑगस्ट २००४ रोजी वारले. स्कॅनमधील घनतेचे माप त्यांच्याच नावाने मोजतात : पाणी शून्य, हवा उणे हजार. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हे चरित्र मी घरीही समजावून सांगितले. असा झटका आला तर अंगारे-धुपारे करीत बसायचे नाही, थेट सी. टी. असलेला दवाखाना गाठायचा, हे आता आमच्याकडे ठरले आहे.