एकांतातून पुन्हा वर्गाकडे : इमाम गझाली (र. अ.)

वाचकहो, माणसाने चारचौघांत राहावे की सर्वांपासून दूर, हा प्रश्न आपल्याला कधी ना कधी पडतोच. नऊशे वर्षांपूर्वी एका थोर शिक्षकाने त्याचे उत्तर स्वतः जगून शोधले.

इमाम अबू हामिद गझाली यांचा जन्म इ. स. १०५८ च्या सुमारास खुरासानातील तूस येथे झाला. वडील लवकर वारले. निशापूरला इमाम जुवैनी यांच्या हाताखाली ते शिकले. सन १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक नेमले. त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत. कीर्ती होती, मान होता. परंतु मन स्वस्थ नव्हते. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, ही शंका त्यांना पोखरू लागली. सन १०९५ मध्ये तर वर्गात त्यांची जीभच उचलेना, अन्न पोटात जाईना. अखेर मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकी धन त्यांनी वाटून टाकले व बगदाद सोडले.

दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसभर बसत. पुढे ते जेरुसलेमला गेले. हेब्रॉनला हजरत इब्राहीम (अ. स.) यांच्या मजारीपाशी त्यांनी दरबारी न जाण्याचा व राजाचे धन न घेण्याचा निश्चय केला. नंतर हज झाली आणि मुलांच्या ओढीने ते घरी परतले.

'इह्या उलूमिद्दीन' या त्यांच्या ग्रंथाचे चाळीस भाग आहेत. त्यांत बंधुभावाचा भाग आधी आणि एकांताचा लगेच नंतर येतो. एकांतात निंदा व दिखाऊपणा यांपासून सुटका होते, हे ते मान्य करतात. परंतु शिकणे-शिकवणे, इतरांच्या उपयोगी पडणे, नम्रता आणि अनुभव हे माणसांतच लाभते, असेही बजावतात. आपला स्वभाव व सोबती पाहून प्रत्येकाने निर्णय घ्यावा, असे त्यांचे मत आहे.

सन ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. तूसला घराजवळ त्यांनी मदरसा व खानकाह चालवली. सन ११११ मध्ये तेथेच त्यांचा इंतकाल झाला.

मित्रहो, शिक्षणासाठी गाव सोडलेली आपली काही मुले खोलीत कोंडून घेतात. काही मुले चौघांनी आपले म्हणावे म्हणून स्वतःचे मत सोडतात. दोघांनाही ही जीवनकथा सांगा. एकटे उभे राहण्याचे बळ जरूर कमवावे. मात्र त्या बळाने माणसांत परत यावे. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल दिसले, तर त्याला थोडा वेळ द्या आणि मग हाक मारायला विसरू नका.