तारीख सांगणारे डॉक्टर नेगेले

घरात कुणाला दिवस गेले, की पहिला प्रश्न येतो, ‘तारीख कधीची दिलीय?’ डॉक्टर विचारतात, शेवटची पाळी कधी आली होती? मग बोटावर काहीतरी मोजतात आणि चटकन तारीख सांगतात. ही जादू वाटते खरी, पण त्यामागे एक सोपा हिशेब आहे. तो ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्या फ्रांझ कार्ल नेगेले यांची ही ओळख.

नेगेले यांचा जन्म १२ जुलै १७७८ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात झाला. वडीलही वैद्यकी शिकवणारे, त्यामुळे घरातच बाळकडू मिळालं. शिक्षण संपवून त्यांनी बार्मेन या गावी डॉक्टरकी सुरू केली. १८०७ मध्ये ते हायडेलबर्गच्या विद्यापीठात शिकवायला आले. तिथे बाळंतपणशास्त्राचे प्राध्यापक होते फ्रांझ अँटन माय. नेगेले त्यांचे जावई आणि पुढे त्यांचे वारसदारही झाले. तिथलं प्रसूतिगृह त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. सोनोग्राफी नव्हती, लघवीची तपासणी नव्हती. स्त्रीबीज असं काही असतं, हेसुद्धा १८२७ मध्ये कार्ल फॉन बेअर यांनी दाखवलं तेव्हा कळलं. मग बाळ कधी येणार हे सांगायचं कशावरून? बाईला पक्की माहीत असलेली गोष्ट एकच, तिची पाळी. नेगेले यांनी तीच धरली. त्यांच्याआधी हॉलंडच्या बोएरहावे यांनीही असाच विचार मांडला होता. नेगेले यांनी तो पुढे नेला, आणि नाव पडलं ‘नेगेलेचा नियम’.

नियम असा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, तीन महिने मागे जायचं आणि सात दिवस मिळवायचे. समजा, पाळी १० जानेवारीला आली. तीन महिने मागे गेलं की १० ऑक्टोबर, त्यात सात दिवस घातले की १७ ऑक्टोबर. हे होतात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, त्याच्या किती जवळ आहे बघा!

पण मैत्रिणींनो, हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. तिचं बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. कुणाची पाळी नेहमी ३५ दिवसांनी येत असेल, तर तिचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं. मग तारीखही आठवडाभर पुढे धरावी लागते. पाळी अनियमित असेल किंवा अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील, तर हा हिशेब चुकतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जास्त भरवशाची.

नेगेले यांचं काम एवढ्यावर थांबलं नाही. काही बायकांचं बाळंतपण अडतं, ते का, याचा त्यांनी कंबरेच्या हाडांचा अभ्यास करून शोध घेतला. एका बाजूने आक्रसलेल्या, तिरक्या हाडांच्या चौकटीवर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला. त्या काळी असं बाळंतपण म्हणजे बहुतेक वेळा आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी गाठ. त्याआधी १८३० मध्ये त्यांनी सुइणींसाठी पुस्तक लिहिलं. बाई अडली की आधी धावते ती सुईण, तिलाच नीट शिकवलं पाहिजे, हे या मोठ्या प्राध्यापकाने ओळखलं होतं. त्यांचा मुलगा हर्मनही याच शास्त्राचा डॉक्टर झाला. २१ जानेवारी १८५१ रोजी हायडेलबर्गमध्ये नेगेले यांचं निधन झालं.

वस्त्यांमध्ये बायकांशी बोलताना मी पाळीची तारीख विचारते. उत्तर येतं, ‘दिवाळीच्या पुढेमागे’, नाहीतर ‘धाकट्याच्या वाढदिवसानंतर’. यात नुकसान आपलंच आहे. तारीख माहीत नसेल, तर सदतीस आठवड्यांच्या आधी कळा आल्या तरी ते अपुऱ्या दिवसांचं आहे हे कळत नाही. उलट दिवस उलटून गेले, बेचाळीस आठवडे झाले, तरी घरचे ‘पहिलटकरणीला उशीर होतोच’ म्हणून बसून राहतात. तेव्हा वारेचं काम कमी पडू लागतं आणि बाळाला धोका होतो.

अर्थात दिलेल्या दिवशीच बाळ येतं असं नाही. शंभरात चार-पाचच बाळं नेमक्या तारखेला जन्मतात. म्हणून दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, पण दवाखान्यात दाखवत राहा. आणि दिवस गेलेले असोत वा नसोत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवशी एक गोल करा. लेकीसुनांनाही ती सवय लावा. दुधाचा हिशेब आपण तिथे लिहितोच ना? मग हा तर जिवाचा हिशेब आहे.