सनद मिळाली, काम केव्हा?

भंडारदऱ्याच्या डोंगरातील निर्धन स्त्रीलाही न्यायालयात विनामूल्य वकील मिळावा, हा तिचा हक्क १९८७ च्या विधिसेवा कायद्याने मान्य केला. तिची बाजू मांडणाऱ्या स्त्री-वकिलाची वाट ज्यांनी पाडली, त्या कॉर्नेलिया सोराबजींचे स्मरण आम्हांस म्हणूनच अगत्याचे वाटते.

१८६६ साली नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र तीस वर्षांनी हाती पडली. १८९६ मध्ये, सनद नसतानाही, त्यांनी पुण्याच्या न्यायालयात आरोपीचा बचाव केला. १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी सल्लागार या नात्याने त्यांनी पडद्यातील शेकडो स्त्रियांचे व अनाथांचे हक्क राखले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. तरी कलकत्त्यात त्यांच्या वाट्यास बहुधा लेखी अभिप्रायांचेच काम आले. १९५४ मध्ये त्या निवर्तल्या.

स्वातंत्र्यचळवळीस त्यांनी केलेला विरोध आम्हांस मान्य नाही. परंतु त्यामुळे त्यांचे ऋण फिटत नाही. सनद द्यावयाची आणि काम नाकारावयाचे, हा अन्याय त्यांच्यापाशीच संपावयास हवा होता. विधिसेवेतील स्त्री-वकिलांना पुरेसे मानधन, महत्त्वाचे खटले व बरोबरीचा मान मिळाला पाहिजे. तरच भंडारदऱ्याच्या त्या स्त्रीचा हक्क कागदावरून न्यायालयात उतरेल.