गाडगेबाबांचा देव कुठे होता?

गाडगेबाबा वर्षानुवर्षे पंढरपूरच्या वारीला गेले, पण विठ्ठलाच्या देवळात त्यांनी पाय ठेवला नाही. वारकरी दर्शनाच्या रांगेत उभे असत, तेव्हा हा माणूस चंद्रभागेच्या वाळवंटात खराट्याने घाण झाडत असे. मुखी गोपाळाचे नाव आणि देवळाकडे पाठ, हे कोडे आपल्या चळवळीनेही समजून घेतले पाहिजे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजीने तिथे गुरे राखली, नांगर धरला. शाळा नशिबी नव्हती. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना मात्र त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत देण्यास त्याने नकार दिला व गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण डेबूजी बधला नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात खराटा. लोकांनीच त्याला गाडगेबाबा केले.

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यात यात्रा भरते. नदीत बुडी मारली की ऋणातून सुटका होते, अशी लोकांची श्रद्धा. बुडी मारून सावकाराचे कर्ज फिटत नाही, हे मामाची जमीन गमावलेल्या डेबूजीला कोणी सांगायला नको होते. यात्रेकरू चिखलात घसरतात हे त्यांनी पाहिले आणि तिथे घाट बांधून घेतला.

गावात आले की बाबा आधी रस्ते झाडत. त्यांना पाहून शरमलेले गावकरीही झाडू हाती घेत. रात्री कीर्तन. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या शेतकऱ्याकडूनच वदवून घेत. देव पाहिला का, नवसाला बोकड कशाला कापता, कर्ज काढून लग्न का करता, मुलाला शाळेत का घालत नाही, असा तो उलटतपास असे. वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या उलटतपासाचा हेवा वाटतो. १९२३ साली मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कोकणात कीर्तन चालू असताना आली. कीर्तन थांबले नाही.

विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. ज्याला देवाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्याच्या डोक्यावर छप्पर घालणे हीच त्यांची पूजा. पुढे ही धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, वसतिगृहासाठी. यात्रेकरूंच्या निवाऱ्यापेक्षा शिकणाऱ्या मुलांचा निवारा त्यांना मोठा वाटला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला.

बाबांना ओढूनताणून बौद्ध ठरवण्याची गरज नाही. त्यांनी देवाचे नाव सोडले नाही आणि आपण देव मानत नाही. पण भुकेला, उघडा, अडाणी माणूस हेच त्यांच्या देवाचे ठिकाण होते. तिथे पोहोचल्यावर आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा राहत नाही.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला आणि राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव आहे. पण खराटा कोणाच्या हाती आहे? बाबांनी तो स्वतः उचलला आणि पाटलापासून सर्वांच्या हाती दिला. एका जातीच्या माथी मारलेले काम त्यांनी गावाचे केले. पुढाऱ्यांनी फोटोपुरता झाडू धरायचा आणि गटारात मात्र आमच्याच भावाने उतरायचे, हा बाबांचा वारसा नव्हे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना मिळावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी माणसे मरतातच.

म्हणून २० डिसेंबरला हार घालण्याआधी आपल्या नगरपालिकेत जाऊन विचारा, गटार साफ करायला यंत्र आहे का आणि कामगाराला मोजे, मुखवटा मिळतो का? बाबा असते तर त्यांनी हेच विचारले असते आणि उत्तर मिळेपर्यंत सोडले नसते.